‘शिंगे मोडून वासरांत शिरणे’ : एका वाक्प्रचाराचा विचार

मराठीच्या शालेय व्याकरणपुस्तकांत वाक्प्रचारांची जी यादी असते, तीत ‘शिंगे मोडून वासरांत शिरणे’ हा वाक्प्रचार बहुधा असतोच. ‘प्रौढ माणसाने पोरांत मिसळून पोरासारखे वागणे’ असा त्याचा अर्थ दिलेला असतो. विद्यार्थी तो पाठ करतात, वाक्यात उपयोग करून दाखवितात आणि गुण मिळवितात. परंतु शिंग कशाचे बनलेले असते, ते मोडले म्हणजे जनावराचे काय होते, आणि बैलाला वासरांत शिरण्याची गरज तरी का पडावी, हे प्रश्न वर्गात सहसा निघत नाहीत. आमच्या बेळगाव भागात खिलार बैल अजून दृष्टीस पडतो, त्यामुळे तेथील मुलाला निदान शिंग म्हणजे काय ते ठाऊक असते. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे वाढणाऱ्या पुष्कळशा मराठी मुलांना मात्र ते चित्रातच पाहावे लागते. वाक्प्रचारामागची वस्तू दृष्टिआड झाली की त्यातील विचार गळून पडतो आणि टोमणा तेवढा शिल्लक उरतो. हा टोमणा आपण पुष्कळदा अस्थानी मारतो असे आमचे मत आहे. म्हणून या शिंगांची थोडी मुळापासून चौकशी करण्याचे योजिले आहे.

प्रथम शिंगाची रचना पाहू. नखाप्रमाणे किंवा केसाप्रमाणे शिंगही निर्जीव असते, असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या शिंगाचे बाहेरचे कवच नखाच्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनाचे असते. पण त्या कवचाच्या आत कपाळाच्या हाडाचाच एक वाढलेला भाग असतो, आणि त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या डोक्यावर शिंगाचा केवळ कोंब असतो. तो कातडीबरोबर इकडेतिकडे हलतो. कवटीशी त्याचा सांधा जुळलेला नसतो. साधारण दोन महिन्यांच्या सुमारास तो कवटीला चिकटू लागतो, आणि पुढे जनावर वाढत जाते तशी कपाळातील हवेची पोकळी शिंगाच्या हाडात शिरते. मोठ्या बैलाचे शिंग बुडापासून तुटले तर रक्त वाहते एवढेच नव्हे, तर डोक्यातील ती पोकळी उघडी पडते. हरणांच्या कुळातील चितळ-सांबरांची शिंगे दरवर्षी गळतात व पुन्हा उगवतात. गोकुळातील जनावराचे तसे नाही. एकदा गेलेले शिंग त्याला परत मिळत नाही. चितळाचे गळणारे शिंग आणि बैलाचे न गळणारे शिंग या दोहोंना मराठीत एकच शब्द असल्यामुळे हा भेद आपल्या ध्यानात येत नाही.

आता बाजाराकडे वळू. गुरांच्या बाजारात जनावराची किंमत त्याच्या वयावर ठरते, आणि शिंग हे वयाची साक्ष देते. गाईच्या शिंगाच्या बुडाशी प्रत्येक गाभणपणाच्या काळात एकेक वलय उमटते. अशा वलयांच्या संख्येत दोन-तीन मिळविले की गाईचे वय अदमासे निघते, असा जुना ठोकताळा आहे. बैलाच्या शिंगाची लांबी, जाडी आणि खडबडीतपणाही अशीच साक्ष देतात. मग ही साक्ष पुसून टाकण्याची युक्ती निघाली यात नवल नाही. शिंगे तासावयाची, घासावयाची, तेल चोळून तुकतुकीत करावयाची, की थकलेले जनावर उमेदीचे दिसू लागते. तासणे हे एरवी गुन्ह्याचे काम नव्हे; सणाच्या आधी शेतकरी आपल्या लाडक्या बैलाची शिंगे प्रेमानेच तासून घेतो. पण तेच काम विक्रीसाठी केले की त्याचा अर्थ पालटतो. म्हणून जाणता गिऱ्हाईक शिंगांवर विसंबत नाही; तो जबडा उघडून पाहतो. बैलाला पुढचे दात खालच्या जबड्यातच असतात, आणि दुधाचे दात पडून त्यांच्या जागी कायमचे दात जोडीजोडीने येतात. अदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी आठही दात आलेला जुळलेला बैल, ही वयाची पायरी शिंगासारखी तासून टाकता येत नाही. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण याच परीक्षेतून निघाली आहे.

हा व्यवहार डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे आपल्या वाक्प्रचाराचा खरा टोला कळतो. त्यातील बैल शिंगे तासून थांबत नाही. तो ती मोडून टाकतो. स्वतःचे हत्यार घालवितो, रक्त सांडतो, आणि एवढे करून काय मिळवितो? अंगाचा थोराडपणा तसाच राहतो, दात तसेच राहतात, आणि खरी वासरे त्याला क्षणात ओळखतात. तेव्हा हसे होते ते वासरांत शिरण्याचे नव्हे. आपण आहोत ते नाही असे भासविण्यासाठी केलेल्या मोडतोडीचे होते. वाक्प्रचाराचा भार ‘मोडून’ या शब्दावर आहे, ‘शिरणे’ या शब्दावर नाही. वर्गात अर्थ सांगताना नेमका हाच भार आपल्या हातून सरकतो.

माणसानेही जनावरांची शिंगे काढण्याची शास्त्रशुद्ध रीत बसविली आहे, आणि तिच्यामागे कारणेही आहेत. दाटीच्या गोठ्यात जनावरे एकमेकांना जखमी करतात, दाव्यात व गव्हाणीत शिंगे अडकतात, आणि गोठ्यात काम करणाऱ्यांना इजा होते. म्हणून संकरित गाईंच्या दुग्धालयांत वासरू काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे असतानाच शिंगाचा कोंब तापलेल्या लोखंडाने अथवा दाहक रसायनाने जाळून टाकतात. कोंब कवटीला चिकटण्यापूर्वी हे काम झाले तर जखम लहान होते. तरीही वेदना होतेच, म्हणून आधी ती जागा बधिर करावी असे पशुवैद्य सांगतात. मोठ्या जनावराचे शिंग कापणे ही मात्र मोठी शस्त्रक्रिया होय. भारतातील १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने, विहित पद्धतीने केलेले गुरांचे शिंग काढणे क्रूरतेच्या व्याख्येतून वगळले आहे. कधी कधी तर शिंग काढणे हाच उपकार ठरतो. आपल्या देशी गुरांत, विशेषतः गुजरातेतील भारदस्त शिंगांच्या कांकरेज बैलांत, शिंगाचा कर्करोग आढळतो. जनावर वारंवार डोके झटकते, त्या बाजूच्या नाकपुडीतून स्राव येतो, शिंग सैल होऊन कलते. अशा वेळी रोगी शिंग मुळापासून काढणे हाच उपाय असतो.

याहून वेगळी तिसरी स्थिती म्हणजे शिंग मुळात न उगवण्याची. अशा जनावराला आपल्याकडे भुंडे म्हणतात. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन अँगस ही गुरांची जात जन्मतःच भुंडी आहे. शिंगहीनतेचा हा गुण आनुवंशिक असून प्रभावी आहे. आईबापांपैकी एकाकडून आला तरी वासराला सहसा शिंगे फुटत नाहीत. हाच गुण प्रयोगशाळेत आनुवंशिक द्रव्यात फेरफार करून दुधाळ जातीत उतरविण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आणि २०१५ मध्ये तशी दोन वासरे जन्मली. २०१९ मध्ये त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यात जीवाणूंच्या द्रव्याचा अनपेक्षित अंश सापडला. एवढ्या काटेकोर कामातही शिंग निमूटपणे गेले नाही!

स्वित्झर्लंडमध्ये तर हा प्रश्न थेट मतपेटीपर्यंत पोहोचला. आर्मिन कापाउल या डोंगराळ भागातील शेतकऱ्याने, जे शेतकरी आपल्या गाईंची व शेळ्यांची शिंगे राखतात त्यांना सरकारने अनुदान द्यावे, अशी मागणी लावून धरली. शिंग हा गाईचा अवयव आहे, तो सोयीसाठी काढू नये, हे त्याचे म्हणणे होते. २५ नोव्हेंबर २०१८ रोजी त्यावर राष्ट्रीय सार्वमत झाले आणि सुमारे ५५ टक्के मतदारांनी प्रस्ताव नाकारला. म्हणजे सुमारे ४५ टक्के मते गाईच्या शिंगांच्या बाजूने पडली. ज्या देशात बहुतेक गाई शिंगांवाचून वावरतात तेथे हा आकडा लहान म्हणता येणार नाही.

जनावराची शिंगे अशी काढून टाकणारा माणूस स्वतःच्या मस्तकावर मात्र ती हौसेने चढवीत आला आहे. मोहेंजोदडो येथे सापडलेल्या एका प्रसिद्ध मुद्रेवर योगासनात बसलेल्या पुरुषाच्या डोक्यावर म्हशीच्या शिंगांसारखा मोठा शिरोभूषणाचा आकार आहे. बस्तरमधील दंडामी माडिया नर्तक गव्याच्या शिंगांचा मुकुट घालून ढोल वाजवीत नाचतात. सिकंदराच्या मृत्यूनंतर त्याचा सेनापती लिसिमाखस याने जी नाणी पाडली, त्यांवर सिकंदराच्या कानाजवळून अमोन देवतेचे मेंढ्याचे वळलेले शिंग काढलेले आहे. कुराणातील ‘जुलकरनैन’, म्हणजे दोन शिंगांचा, याला अनेक भाष्यकार सिकंदरच समजतात. आमच्या हैदराबादच्या वाचकांना हे नाव उर्दूतून परिचित असेल. उत्तर युरोपातील प्राचीन योद्ध्यांच्या शिरस्त्राणांवर शिंगे असत ही लोकप्रिय समजूत मात्र बऱ्याच अंशी रंगभूमीची देणगी आहे. १८७६ मध्ये बायरॉइट येथे वाग्नरचे संगीतनाट्यचक्र सादर झाले, तेव्हाच्या वेषभूषेने ती सर्वदूर पसरली. या सर्व ठिकाणी शिंग म्हणजे सामर्थ्य, असाच अर्थ आहे.

भाषेच्या शिक्षकाला याहून मनोरंजक वाटावे असे उदाहरण मोशेचे आहे. सिनाय पर्वतावरून तो उतरला तेव्हा त्याचा चेहरा तेजाने झळकत होता, असे यहुदी धर्मग्रंथात वर्णन आहे. तेथील हिब्रू क्रियापदाचा ‘शिंग’ या अर्थाच्या नामाशी धातुसंबंध आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात या ठिकाणी ‘शिंगे असलेला’ असा शब्द आला. परिणामी युरोपातील चित्रशिल्पांत मोशेला शतकानुशतके शिंगे फुटली. रोममध्ये मायकेलअँजेलोने घडविलेल्या त्याच्या पुतळ्यावरही ती आहेत. त्याच प्रकरणात पुढे मोशे आपल्या चेहऱ्यावर आच्छादन घेतो असे म्हटले आहे. ज्याच्याकडे लोकांना पाहवत नाही असे तेज झाकणे हे लपविणेच, पण ते आपल्यासाठी नव्हे, पाहणाऱ्यांसाठी.

लपविण्याचा दुसरा प्रकार लाजेचा. राजाच्या डोक्यावर शिंगे आहेत आणि ती केवळ त्याच्या न्हाव्याला ठाऊक आहेत, ही कथा उत्तर हिंदुस्थानात घरोघरी सांगितली जाते; इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मुलांनीही ती ऐकलेली असते. न्हाव्याच्या पोटात गुपित मावत नाही. तो ते एका झाडाला सांगतो. झाड तुटते, त्याच्या लाकडाची वाद्ये बनतात, आणि भर दरबारात ती वाद्येच राजाचे गुपित बोलू लागतात. ग्रीकांच्या मिडास राजाला शिंगांऐवजी गाढवाचे कान होते, आणि तेथे वाद्याचे काम वाऱ्यावर हलणाऱ्या बोरूंनी केले. गोष्टीचा गाभा तोच. मुकुटाखाली काय आहे हे जगाला कळू नये म्हणून राजा जितका जपतो, तितके ते बाहेर फुटते.

जपानात तर या लपविण्याचे स्वतंत्र वस्त्रच आहे. तेथील पारंपरिक विवाहात वधूच्या उंच केशरचनेभोवती शुभ्र रेशमी पट्टा गुंडाळतात. त्याचे नाव ‘त्सुनोकाकुशी’, म्हणजे शब्दशः ‘शिंग-झाकणे’. वधूच्या डोक्यावर राग, मत्सर आणि हट्ट यांची शिंगे असतात, ती झाकून तिने सौम्यपणे सासरी यावे, असा त्याचा प्रचलित अर्थ सांगतात. ही कल्पना तेथील ‘नो’ नाट्याच्या मुखवट्यांत अधिक स्पष्ट दिसते. मत्सराने होरपळलेल्या स्त्रीच्या एका मुखवट्यावर शिंगांचे नुसते कोंब असतात. त्याला ‘नमानारी’ म्हणतात. मत्सर पुरता पेटला की ‘हान्या’ नावाचा, दोन धारदार शिंगांचा, रागाबरोबर दुःखही दाखविणारा मुखवटा येतो. ‘फारच शिंगे फुटली आहेत तुला’ असे आपण उद्धट पोराला म्हणतो. जपानी कलावंताने तो शिंगे फुटण्याचा क्षणच लाकडात कोरून ठेवला आहे. वधूची शिंगे झाकणाऱ्या रूढीने वराच्या मस्तकाची चौकशी केलेली दिसत नाही, एवढे मात्र येथे नमूद करावेसे वाटते. आपल्याकडील वरवधूंच्या बाशिंगाचा शिंगाशी नाद जुळतो खरा, पण त्याचे नाते कानडी-तेलुगूतील ‘बासिंग’ या शब्दाशी आहे. ते झाकण्यासाठी नव्हे, मिरविण्यासाठी बांधतात. बैलपोळ्याला आणि आमच्याकडील बेंदराला बैलालाही बाशिंग बांधतात, त्याची शिंगे रंगवितात, त्यांना बेगड लावितात. वर्षातील त्या एका दिवशी तरी शिंग हे लपविण्याची किंवा मोडण्याची वस्तू राहत नाही.

या सर्व कथांत आम्हांस ऋष्यशृंगाची कथा सर्वांत मार्मिक वाटते. महाभारताच्या वनपर्वात ती आहे. विभांडक ऋषीचा हा पुत्र मृगीच्या पोटी जन्मला आणि त्याच्या मस्तकावर शिंग होते. अरण्यात पित्याखेरीज दुसरा मनुष्य त्याने पाहिला नव्हता. त्यामुळे आपले शिंग वेगळे आहे, ते झाकावे, असे त्याच्या मनातही येत नाही. अंगदेशात अवर्षण पडले तेव्हा लोमपाद राजाने गणिका पाठवून त्याला नगरात आणविले. तो येताच पाऊस पडला, आणि राजाने आपली कन्या शांता त्याला दिली. तो नगरात आला, संसारी झाला. पण त्यासाठी त्याचे शिंग कोणी मोडल्याचे कथेत येत नाही. तो जसा होता तसा लोकांत शिरला, आणि लोकांनी त्याचा तसाच स्वीकार केला.

येथे आम्ही शिक्षकबंधुभगिनींच्या घरच्या प्रश्नाशी येतो. मुलांबरोबर मैदानावर धावणाऱ्या, त्यांच्या नाटकात माकडाचे सोंग घेणाऱ्या वयस्क शिक्षकाला सहकारी म्हणतात, ‘गुरुजी शिंगे मोडून वासरांत शिरले.’ पन्नाशीनंतर परीक्षेला बसणाऱ्या गृहिणीला शेजारीपाजारी हेच ऐकवितात. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि गावोगावच्या प्रौढ स्त्रीपुरुषांनी पाटी हाती घेतली. अशा माणसाचे पाटीशी जडलेले नाते एका टोमण्याने तुटू शकते. त्यांपैकी कोणी काय मोडले होते? वय लपविले नव्हते, अनुभव टाकून दिला नव्हता, आपण लहान आहोत असा आव आणला नव्हता. ते वासरांत शिरले होते हे खरे. पण शिंगांसह शिरले होते. वाक्प्रचाराचा अर्धा भाग लागू पडतो म्हणून संपूर्ण वाक्प्रचार लावणे हा भाषेचा चुकीचा उपयोग आहे, आणि माणसावर अन्यायही आहे.

उलट वासरांत शिरणे हेच शिक्षकाचे काम होय. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) मुलांत मूल होऊन वावरले. ते मूळचे वकील. गुजरातेत त्यांना ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, हे प्रेमाचे नाव मिळाले. आई होण्यासाठी त्यांना मिशा काढाव्या लागल्या नाहीत, हेच त्या नावात सांगितले आहे. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी तेच कार्य पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांपर्यंत नेले. अंमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजींनी मुलांसाठी जे केले ते मराठी शिक्षकाला निराळे सांगावयास नको. या तिघांचे थोरपण मुलांत मिसळल्याने तसूभरही कमी झाले नाही. मुलांनाही खोटे वासरू नकोच असते. ज्याच्या शिंगांचा धाक वाटत नाही पण आधार वाटतो, असा मोठा बैल कळपात असलेला त्यांना आवडतो.

वाक्प्रचार यादीतून काढून टाकावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तरुण दिसण्याच्या हव्यासाने पोरकट बोलणारा पुढारी, किंवा आपली विद्वत्ता टाकून बाजारू लिहिणारा लेखक यांना तो नेमका लागू पडतो, आणि तेथे तो जरूर वापरावा. शिकविताना मात्र दोन गोष्टी कराव्यात. पहिली, मुलांना शक्य तेथे बैल दाखवावा. बेळगावकडील शिक्षकांनी त्यांना मायाक्काच्या यात्रेतील खिलार जनावरे दाखवावीत. शहरांतील शिक्षकांनी निदान पोळ्याच्या दिवशी गावाबाहेरच्या गोठ्यात न्यावे, आणि शिंगाच्या बुडाला हात लावू द्यावा. ते उबदार लागते. दुसरी, अर्थ लिहून देताना ‘आपले मोठेपण मोडून टाकून’ हे शब्द त्यात अवश्य घालावेत. तेवढे शब्द असले म्हणजे उद्या एखादी आजी नातवाच्या बाकावर येऊन बसली, तर त्या वर्गातील मुले हा वाक्प्रचार तिच्याबद्दल वापरणार नाहीत; तिला सरकून जागा देतील.